फोटोतल्या चेहऱ्यावर चिकटलेलं नको ते नाव: शोधायचं कुठे, काढायचं कसं

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या आठवडाभर आधी मामेबहिणीचा फोन आला. "ताई, तुझ्याकडच्या फोटोंमधून माझं नाव काढून टाकशील का? फोटो राहू दे. फक्त नाव नको." कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घरापासून त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटपर्यंतचे आमच्या कुटुंबाचे चौदा-पंधरा हजार फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. कुणाकडे लग्न, मुंज झाली की त्यातले निवडक पेनड्राइव्हवर भरून मीच सगळ्यांना देते. त्याच संध्याकाळी मी फोटोंतले चेहरे ओळखून त्यांना नावं लावणारा प्रोग्राम उघडला आणि डावीकडच्या माणसांच्या यादीतून तिचं नाव खोडलं. यादी साफ दिसली. पेनड्राइव्ह भरला आणि मामांकडे पोचवला.

चौथ्या दिवशी तिचा पुन्हा फोन. भावाच्या लॅपटॉपवर तो पेनड्राइव्ह लावून तिनं फोल्डरच्या शोधपट्टीत स्वतःचं नाव टाइप केलं होतं. त्रेसष्ट फोटो आले होते.

एकच नाव तीन-चार ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि मी त्यातल्या एकाच ठिकाणचं पुसलं होतं. पुढचे पंधरा दिवस मी ती बाकीची ठिकाणं शोधली. चेहऱ्यांवर नको ती नावं येणं, काढलेली नावं परत उगवणं, भिंतीवरच्या पोस्टरला माणूस समजणं, या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. म्हणून एखादं बटन दाबण्याआधी नाव नेमकं राहतं कुठे ते पाहायचं.

मी डिजिकॅम वापरते, त्यामुळे पायऱ्या त्याच्या सांगते. केडीई या मुक्तस्रोत प्रोग्राम बनवणाऱ्या गटाच्या छत्राखालचा हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतो. २०२० मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून त्यात चेहरे ओळखायचं काम न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या पद्धतीवर चालतं. मेनूतले शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, पण कामाचा क्रम तोच राहतो. बाकीच्या प्रोग्रामांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

नाव राहतं कुठे

पहिली जागा प्रोग्रामचा डेटाबेस. डिजिकॅममध्ये 'डिजिकॅम४ डॉट डीबी' नावाची फाइल असते, तिच्यात कोणत्या फोटोत कुठे चेहरा आहे आणि त्याला काय नाव दिलंय ते असतं. तिच्या शेजारी 'रेकग्निशन डॉट डीबी' असते. तिच्यात, तुम्ही पक्क्या केलेल्या चेहऱ्यांवरून प्रोग्राम जे शिकला ते साठवलेलं असतं. या दोन फाइली तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात, पेनड्राइव्हबरोबर जात नाहीत.

दुसरी जागा खुद्द फोटोची फाइल. जेपीजी फाइलमध्ये चित्राच्या जोडीला माहितीचा एक कप्पा (मेटाडेटा) असतो: तारीख, कॅमेरा, कॅप्शन, टॅग. अॅडोबी, अॅपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांच्या मेटाडेटा वर्किंग ग्रुपनं २०१० मध्ये एक पद्धत ठरवून दिली. चेहऱ्याची चौकट आणि तिच्यावरचं नाव याच कप्प्यात कसं लिहायचं, ते तिच्यात आहे. मायक्रोसॉफ्टची त्याआधीची स्वतःची वेगळी पद्धतही आहे, आणि डिजिकॅम दोन्ही पद्धतींनी लिहितो. म्हणजे फाइलच्या आतच एक नाव दोनदा.

आता माझी चूक. चौकटीखेरीज तेच नाव साध्या टॅगच्या, म्हणजे कीवर्डच्या यादीतही लिहिलेलं असतं. चौकट काढली तरी कीवर्ड राहू शकतो. विंडोजमध्ये फोटोवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स' उघडलं की 'टॅग्ज'समोर जे दिसतं ते हेच, आणि शोधपट्टीही तेच शोधते. त्रेसष्ट फोटो तिथून आले होते.

तिसरी जागा साइडकार. फोटोला हात न लावता त्याच्या शेजारी त्याच नावाची, एक्सएमपी शेपटीची छोटी फाइल ठेवली जाते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता ठेवलेल्या फोटोंच्या बाबतीत हे बऱ्याचदा असतं.

चौथी जागा जुन्या लोकांच्या फोल्डरांत सापडते. पिकासामध्ये नावं द्यायची सोय २००९ मध्ये आली. गुगलनं १५ मार्च २०१६ पासून पिकासाला आधार देणं थांबवलं, तरी आधी टाकलेला पिकासा अजून चालतो आणि नागपुरात कित्येकांच्या जुन्या लॅपटॉपवर तो आहेच. तो प्रत्येक फोल्डरमध्ये 'पिकासा डॉट आयएनआय' नावाची लपलेली फाइल ठेवतो. नोटपॅडमध्ये उघडली तर चेहऱ्यांच्या जागा आणि बऱ्याचदा खाली माणसांची नावंही वाचता येतात. डिजिकॅम ही फाइल वाचत नाही, म्हणून ती आपल्या लक्षातच येत नाही. पण फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकलं की तीही सोबत जाते.

पायरी पहिली: दोन प्रती काढा

फोटोंची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर. वर सांगितलेल्या डीबी फाइलींची एक प्रत, प्रोग्राम बंद असताना. हे काम मागे फिरवता येत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. तारखा आणि कॅप्शन हातानं भरलेले स्कॅन असतील तर दोनदा सांगते, गाळू नका.

पायरी दुसरी: एका फोटोवर तपास करा

नको असलेलं नाव ज्यावर आहे असा एकच फोटो घ्या. त्याची प्रत संग्रहाबाहेर, डेस्कटॉपवर ठेवा आणि तिचे 'डिटेल्स' पाहा. नाव दिसलं तर ते फाइलच्या आत आहे. नाही दिसलं तरी लगेच सुटलो म्हणू नका, कारण चेहऱ्याच्या चौकटीतलं नाव विंडोज तिथे दाखवेलच असं नाही. डिजिकॅममध्ये उजवीकडच्या 'मेटाडेटा' पट्टीत एक्सएमपी हा माहितीच्या कप्प्यातला भाग उघडा आणि 'रीजन' नावाच्या नोंदी शोधा. मग मूळ फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायची सेटिंग चालू करून साइडकार आणि पिकासाची फाइल आहे का ते बघा.

यातलं कुठेच काही नसेल तर नाव फक्त डेटाबेसात आहे, आणि तुमचं काम सोपं आहे.

"मी तर चेहरे स्कॅन केलेच नाहीत, मग नावं आली कुठून?" हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. फोटोग्राफरनं, भाच्यानं, जुन्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्यातरी प्रोग्रामनं कधीकाळी ती फाइलमध्ये लिहिलेली असतात. फोटो संग्रहात आला की डिजिकॅम ती वाचतो आणि पक्की नावं म्हणून मांडतो. तुमच्या कॉम्प्युटरनं त्यात काही ओळखलेलं नसतं.

पायरी तिसरी: नळ बंद करा

टाकी रिकामी करायच्या आधी नळ बंद करावा लागतो. 'सेटिंग्ज'मधून 'कॉन्फिगर डिजिकॅम', तिथे 'मेटाडेटा', त्यात 'बिहेविअर'. इथे फाइलमध्ये काय काय लिहायचं त्याच्या चौकटी आहेत; त्यात चेहऱ्यांचे टॅग वेगळे आणि साधे टॅग वेगळे. या दोन्हींच्या खुणा आत्ता काढून ठेवा, म्हणजे साफसफाईच्या अर्ध्यावर प्रोग्राम काहीबाही लिहीत बसणार नाही.

या खुणा काढल्यानं आधी लिहिलेलं काहीही पुसलं जात नाही. मी वर्षभरापूर्वी कधीतरी त्या काढल्या होत्या आणि विसरले होते, म्हणूनच बहिणीचं नाव यादीतून खोडल्यावर फक्त डेटाबेसातून गेलं. साफसफाई झाल्यावर या खुणा पुन्हा लावून एकदा लिहून घ्यायचं आहे. पाचव्या पायरीत ते येईल.

पायरी चौथी: डेटाबेसातली साफसफाई

इथे प्रोग्राम दोन वेगळी कामं करतो ते लक्षात ठेवा. चेहरा शोधणं, म्हणजे 'इथे कुणाचंतरी तोंड आहे' असं म्हणून चौकोन काढणं. आणि चेहरा ओळखणं, म्हणजे त्या तोंडाचं आकड्यांच्या लांब ओळीत रूपांतर करून, आधी पक्क्या केलेल्या ओळींपैकी कुणाच्या जवळ जाते ते पाहणं. पहिल्या कामात चूक झाली तर फलकाला माणूस समजलं जातं. दुसऱ्या कामात चूक झाली तर काकूला आत्या. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

डिजिकॅममध्ये डावीकडे 'पीपल' उघडलं की नावांशिवाय तीन खास कप्पे दिसतात. 'अननोन' म्हणजे चेहरा सापडला, नाव नाही. 'अनकन्फर्म्ड' म्हणजे नाव सुचवलंय, तुमच्या होकाराची वाट आहे. 'इग्नोर्ड' म्हणजे तुम्ही सांगितलंत, याकडे लक्ष देऊ नको.

*चेहराच नसलेले चेहरे.* नागपूरच्या फोटोंत यांचा सुकाळ असतो. पोळ्याच्या पाडव्याचे माझे दोनशेच्या वर फोटो आहेत. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची तोंडं, मिरवणुकीतल्याच बडग्या नावाच्या पुतळ्यांची तोंडं, मागच्या बाजूला चौकात टांगलेल्या फ्लेक्सवर ओळीनं पंचवीस कार्यकर्ते. एका फोटोत पिवळ्या मारबतीच्या तोंडावर चौकोन होता आणि सुचवलेलं नाव माझ्या मोठ्या काकूंचं. कारण साधं आहे: काकूंचे मी तोवर तीनच चेहरे पक्के केले होते, तेही धूसर. नमुने थोडे आणि वाईट असले की त्यांच्या आसपास काहीही बसतं.

अशा चौकोनावर माऊस नेला की नकार द्यायची, काढून टाकायची आणि दुर्लक्ष करायची खूण येते. काढून टाकणं आणि दुर्लक्ष करणं यात मोठा फरक आहे. चौकोन नुसता काढलात तर त्याची नोंद राहत नाही. पुढे कधी फोटो पुन्हा स्कॅन केले की मारबत परत येणार. दुर्लक्ष केलंत तर नोंद राहते. म्हणून पुतळे, फलक, देवघरातल्या मूर्ती, टी-शर्टवरची छापील तोंडं, सगळी 'इग्नोर्ड'मध्ये टाका. कंट्रोल दाबून पन्नास-साठ एकदम निवडता येतात.

भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरींबद्दल मला विशेष सांगायचं आहे. आपल्या घरातल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत मागे आजोबांची तसबीर असते. तो चेहरा खरा आहे, माणूस आपला आहे, नाव द्यावंसं वाटतं. देऊ नका. काचेवर ट्यूबलाइटची चमक, कपाळावर गंध, अर्ध्या गालावर हार. असा नमुना पक्का केला की ओळख बिघडते आणि आजोबांचं नाव भलत्याच म्हाताऱ्या माणसांवर जाऊ लागतं. तो फोटो आजोबांच्या नावानं सापडावा असं वाटत असेल तर साधा टॅग द्या, चेहऱ्याची चौकट न काढता. साध्या टॅगवरून प्रोग्राम काही शिकत नाही.

*अनोळखी माणसं.* दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी काढलेल्या एका फोटोत मला शंभरावर चौकोन मिळाले होते. ही सगळी कुणाची तरी आईवडील, लेकरं आहेत. माझ्या कॉम्प्युटरनं त्यांची तोंडं वेचून ठेवायचं काही कारण नाही. अशा गर्दीच्या फोटोंचे अल्बम मुळात स्कॅनमध्येच घेऊ नका. स्कॅनच्या खिडकीत कोणते अल्बम तपासायचे ते निवडता येतं. फक्त घरच्या कार्यक्रमांचे निवडा. आधीच स्कॅन झाले असतील तर त्या अल्बमचे चेहरे एकगठ्ठा निवडून काढून टाका. इथे मात्र 'इग्नोर' नको, काढून टाकणंच बरं, म्हणजे त्यांची नोंदही उरत नाही.

*चुकीची सुचवलेली नावं.* 'अनकन्फर्म्ड' कप्प्यात नकार द्या, चेहरा 'अननोन'मध्ये परत जातो. घाईत होकार देऊ नका. एक चुकीचा होकार पुढच्या ओळखीसाठी नमुना बनतो, त्यातून आणखी दोन चुका सुचतात, त्या आपण दमलेल्या डोळ्यांनी पक्क्या करतो, आणि महिनाभरात दोन सख्ख्या बहिणी एक होऊन बसतात. माझी आई आणि मावशी यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

*चुकून पक्की झालेली नावं.* एकेका माणसाचं नाव उघडा, चेहऱ्यांचे छोटे फोटो मोठे करा आणि नुसतं पाहत जा. आपला डोळा यात यंत्राहून तरबेज आहे. तीनशे चेहऱ्यांत परका असलेला चौथ्या मिनिटाला सापडतो. त्याला योग्य नाव द्या किंवा नाव काढा. ज्या माणसाचे चेहरे सगळ्यात जास्त, त्याच्यापासून सुरुवात करा, कारण त्याचीच चूक सगळीकडे पसरलेली असते. एकाच माणसाची दोन-तीन नावं झाली असतील, एक देवनागरीत, एक इंग्रजी अक्षरांत, एक लाडाचं, तर एका नावाखालचे सगळे चेहरे निवडून त्यांना दुसरं नाव द्या आणि रिकामं झालेलं नाव खोडा.

लहान मुलांचे चेहरे वेगळे हाताळा. सहा महिन्यांचं बाळ कुठल्याही बाळासारखं दिसतं, आणि ते चेहरे पक्के केले की नाव शेजारपाजारच्या सगळ्या बाळांवर जातं. मी पाच वर्षांखालच्या मुलांना फक्त साधा टॅग देते.

*शिकलेलं पुसा.* एवढं झाल्यावरच ही पायरी घ्या. चेहरे ओळखण्याच्या सेटिंगमध्ये शिकलेली सगळी माहिती पुसून नव्यानं उभी करायची सोय आहे, 'रीबिल्ड' हा शब्द शोधा. ती चालवली की उरलेल्या, तपासलेल्या चेहऱ्यांवरूनच प्रोग्राम पुन्हा शिकतो. साफसफाईआधी चालवलीत तर त्याच चुका नव्यानं शिकेल. पुढे स्कॅन करताना आधी स्कॅन झालेले फोटो वगळायचा पर्याय निवडा आणि अचूकतेचा काटा अचूकतेच्या बाजूला थोडा सरकवून ठेवा. काही चेहरे हुकतील, पण नको ती तोंडं कमी येतील. मोठ्या संग्रहाला हे काम कित्येक तास लागू शकतं आणि प्रोसेसर तापतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ते लावू नका, रात्री कूलरच्या खोलीत लावा.

चौकट सरकली तर

एक तक्रार या सगळ्यात बसत नाही: नाव बरोबर, पण ते शेजारच्या माणसावर किंवा कुणाच्या खांद्यावर. फाइलमध्ये चौकटीची जागा पिक्सेलमध्ये लिहिलेली नसते, फोटोच्या रुंदी-उंचीच्या हिश्शात असते. चौकटीचा मध्य आडवा ०.५ आणि उभा ०.५ असेल तर चेहरा बरोबर मधोमध. आता चेहऱ्यांची जाण नसलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये तुम्ही डावीकडचा तिसरा हिस्सा कापला. माणूस डावीकडे सरकला, फाइलमधला ०.५ तिथेच राहिला, आणि नाव त्याच्या उजवीकडे उभ्या असलेल्या जावयाला लागलं. फोटो फिरवला तरी असंच होतं. शोधून काढायचा मार्ग: असे फोटो बहुतेक वेळा एकाच फोल्डरमध्ये, एकाच दिवशी बदललेले असतात. बदललेल्या तारखेनं क्रम लावा, त्या गठ्ठ्यातले चेहरे एकदम काढा आणि नव्यानं स्कॅन करा. एकेक चौकट ओढून बसवत बसू नका. आणि यापुढे कापणं, फिरवणं नावं देण्याआधी उरकून घ्या.

पायरी पाचवी: फाइलमध्ये लिहिणं, आणि दिशा

आता तिसऱ्या पायरीत काढलेल्या दोन्ही खुणा परत लावा, चेहऱ्यांच्या टॅगची आणि साध्या टॅगचीही. खूण नसेल तर प्रोग्राम तो कप्पा फाइलमध्ये उघडणारच नाही, आणि जुनं नाव आत तसंच पडून राहील.

आधी एकच फोटो. तो निवडून 'आयटम' मेनूतून 'राइट मेटाडेटा टू फाइल' करा. मग दुसऱ्या पायरीतला तपास पुन्हा: 'डिटेल्स'मधले टॅग, एक्सएमपीतल्या 'रीजन' नोंदी. दोन्हीकडून नाव गेलं असेल तरच पुढे.

सगळ्या संग्रहासाठी 'टूल्स'मध्ये 'मेंटेनन्स', त्यात 'सिंक मेटाडेटा अँड डेटाबेस'. इथे दिशा विचारतात. 'फ्रॉम डेटाबेस टू इमेज मेटाडेटा' म्हणजे तुम्ही साफ केलेली यादी फोटोंवर लिहिली जाईल. तुम्हाला हीच हवी. उलटी दिशा निवडलीत तर फोटोंच्या पोटातली जुनी नावं डेटाबेसात परत येतील आणि चार रात्रींचं काम एका क्लिकवर जाईल. 'काढलेली नावं परत येतात' अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या तिघांपैकी दोघांचं हेच झालं होतं. म्हणून बटन दाबायच्या आधी ती ओळ मोठ्यानं वाचा. मी वाचते.

काम झाल्यावर नावं फाइलमध्ये लिहायची की नाहीत ते ठरवा. माझं मत: घरच्या मूळ संग्रहात लिहावीत. प्रोग्राम येतात, बंद पडतात. पिकासा गेला, विंडोजची लाइव्ह फोटो गॅलरीही गेली. नावं फक्त डेटाबेसात ठेवली तर ती त्या प्रोग्रामबरोबर जातात, आणि पन्नास वर्षांनी फोटोतली बाई कोण हे सांगणारं कुणी उरत नाही. पण दुसऱ्याला द्यायची प्रत वेगळी.

रॉ फोटो आणि फक्त वाचण्यापुरत्या फाइली यांत डिजिकॅम सहसा लिहीत नाही. त्यांच्या साइडकार फाइली वेगळ्या तपासा.

पायरी सहावी: द्यायची प्रत

मूळ संग्रहातून थेट पेनड्राइव्हवर ओढून टाकणं मी बंद केलं. आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये प्रती काढते, आणि डिजिकॅमच्या 'बॅच क्यू मॅनेजर'मध्ये 'रिमूव्ह मेटाडेटा' हे साधन त्या प्रतींवर चालवते. सगळं सरसकट पुसू नका. फोटो काढल्याची तारीख गेली तर नातेवाइकांकडे सगळे फोटो उलटसुलट लागतात. माहितीच्या कप्प्याचे एक्सएमपी, आयपीटीसी आणि एक्झिफ असे भाग असतात. एक्सएमपी आणि आयपीटीसी पुसायचं, कारण चौकटी आणि बहुतेक कीवर्ड तिथे असतात. एक्झिफ ठेवायचं, तारीख तिथे असते. तुमची तारीख फक्त एक्सएमपीत असेल तर आधी ती एक्झिफमध्ये भरून घ्या. साइडकार आणि पिकासाच्या लपलेल्या फाइली त्या फोल्डरमधून हातानं काढा.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, नावांसकट. 'क्वालिटी चांगली राहावी म्हणून डॉक्युमेंटमध्ये टाक' असं आपण सर्रास सांगतो, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

आधी वाटून झालेल्या प्रती मात्र कुठल्याही सेटिंगनं दुरुस्त होत नाहीत. त्या मागवाव्या लागतात. मी चार घरी जाऊन पेनड्राइव्ह बदलून आणले, एक तर पार कामठीला जाऊन.

इथे कायदा आपल्या मदतीला येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, माणूस स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी जी माहिती वापरतो तिला लागू होत नाही. म्हणजे कुटुंबाच्या अल्बममधून नाव काढायला या कायद्याच्या आधारानं मला कुणी भाग पाडू शकत नाही. बहिणीनं सांगितलं एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं आहे. ज्यांचा फोटो स्टुडिओ आहे, जे गिऱ्हाइकांची नावं फोटोंना जोडून ठेवतात, त्यांची गोष्ट वेगळी. ती घरगुती वापरात मोडत नाही.

बाकीचे प्रोग्राम, थोडक्यात

गुगल फोटोजमध्ये चेहऱ्यांना दिलेली नावं खात्यात राहतात, फोटोच्या फाइलमध्ये लिहिली जात नाहीत. चुकीच्या माणसाखाली आलेला फोटो त्या माणसाच्या पानावरून काढता येतो. सेटिंगमध्ये चेहऱ्यांचे गट बंद केले की गट, नावं आणि त्यांच्यामागची चेहऱ्यांची मॉडेल्स खात्यातून पुसली जातात. मात्र टेकआउट या गुगलच्याच सोयीनं सगळे फोटो उतरवून घेतलेत तर फोटोंसोबत माहितीच्या जेसॉन फाइली येतात आणि त्यांच्यात माणसांची नावं असू शकतात. तो फोल्डर तसाच कुणाला देऊ नका.

अॅडोबीच्या लाइटरूम क्लासिकमध्ये माणसाचं नाव हा कीवर्डचाच एक प्रकार आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत मेटाडेटाच्या भागात 'रिमूव्ह पर्सन इन्फो' अशी खूण आहे. ती लावून ठेवली की बाहेर जाणाऱ्या प्रतींत नावं जात नाहीत.

शेवटचा तपास

ज्याचं नाव काढायचं आहे त्यालाच शोधायला बसवा. आपण आपल्याला ठाऊक असलेलंच नाव शोधतो.

दिवाळीत मामेबहीण घरी आली तेव्हा नवा पेनड्राइव्ह मी तिच्याच हातात दिला. तिनं स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं, मग इंग्रजी अक्षरांत. काही आलं नाही. लग्नानंतरचं आडनाव टाकलं. काही नाही. मग तिनं लहानपणी आजी तिला ज्या नावानं हाक मारायची ते टाकलं, आणि तीन फोटो आले. ते नाव टॅगमध्ये नव्हतं, चौकटीत नव्हतं. मी कधीकाळी स्कॅन करताना फोटोच्या मागच्या बाजूला आजीनं लिहिलेली ओळ कॅप्शनमध्ये उतरवून घेतली होती. एक्झिफमध्येही वर्णनाचा एक रकाना असतो, आणि तो मी पुसला नव्हता. तेव्हापासून माझ्या यादीत कॅप्शनही आहे, फाइलचं नावही आहे.

तिच्यासमोर मी दोन कॅप्शन कोऱ्या केल्या. तिसऱ्या फोटोत ती चार वर्षांची, अंबाझरी तलावाच्या कठड्यावर, आजीनं मागून धरलेली. "हे राहू दे, ताई," ती म्हणाली. तो मी फक्त तिच्या पेनड्राइव्हवर ठेवला, बाकीच्या प्रतींमधून ओळ काढली.